वारीत कार्ड फॉर्मॅट करण्यापूर्वी : नव्या कॅमेरामनसाठी फुटेज सांभाळण्याची रीत

लोणंद सोडून तरडगावकडे निघालं की वाटेत चांदोबाचा लिंब लागतो. माउलींच्या पालखीचं पहिलं उभं रिंगण इथे होतं. वारकऱ्यांच्या दोन रांगांमधून अश्व धावतो, बघता बघता सगळं संपतं, आणि टापांखालची माती कपाळाला लावायला माणसं धाव घेतात. ते तुमच्या कार्डावर आलं तर आलं. "माउली, पुन्हा एकदा" असं तिथे कोणाला म्हणता येत नाही. पुढच्या आषाढीला रिंगण होईलच, पण ते आभाळ आणि रांगेतल्या त्या म्हाताऱ्या माणसाचा चेहरा पुन्हा मिळणार नाही.

फुटेज सांभाळायला शिकायचं तर वारी समोर ठेवून शिकावं. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर, तीन आठवड्यांच्या आसपासचा प्रवास, रोज मुक्काम वेगळा, दिवसा धूळ, मधेच पाऊस, रात्री वीज मिळेल तेवढी आणि लाखोंच्या गर्दीत मोबाइलचं नेटवर्क जवळजवळ बंद. या परिस्थितीत जी पद्धत टिकते ती लग्नाच्या ऑर्डरीला, माहितीपटाला, मालिकेच्या सेटलाही टिकते. खाली दोन कॅमेऱ्यांचं लहान पथक धरलं आहे : दोघं कॅमेऱ्यावर, एक ध्वनीला, एक डेटा सांभाळायला. चौथा माणूस परवडत नसेल तर डेटाचं काम कोण करणार ते निघण्याआधी नाव घेऊन ठरवा. "जो मोकळा असेल तो करेल" असं ठरलं की ते काम कोणाचंच राहत नाही.

सगळी पद्धत एका क्षणाभोवती उभी आहे : कॅमेऱ्यात फॉर्मॅटचं, म्हणजे कार्ड पुसून मोकळं करण्याचं, बटण दाबण्याचा क्षण. तोवर मूळ चित्रण आपल्या हातात असतं, त्यानंतर फक्त प्रती उरतात. बटण दाबताना मनात शंकेला जागा राहू नये, एवढ्यासाठी पुढचा सगळा खटाटोप आहे.

पहिली पायरी : घरी बसून करायचं गणित

कॅमेऱ्याच्या मेनूत १००, १४०, २५०, ४०० असे आकडे दिसतात. ते मेगाबिट प्रतिसेकंद असतात, आणि कार्ड व डिस्क मोजली जाते मेगाबाइटमध्ये. आठने भागा. १०० मेगाबिट म्हणजे सेकंदाला १२.५ मेगाबाइट, म्हणजे तासाला ४५ जीबी. २५० मेगाबिटचा ऑल-इंट्रा (प्रत्येक फ्रेम स्वतंत्र साठवणारा) फॉर्मॅट निवडला तर तासाला साधारण ११२ जीबी. आणि यूएचडीमध्ये (फोर-के आकाराच्या चित्रात) सेकंदाला २५ फ्रेमने प्रोरेस ४२२ एचक्यू हा कमी दाबलेला, जड फॉर्मॅट रेकॉर्ड केला तर तासाला सव्वातीनशे जीबीच्या वर.

आता वारीचं धरू. दोन कॅमेरे, प्रत्येकी दिवसाला तीन तास, १०० मेगाबिटवर : दिवसाला २७० जीबी. वीस दिवसांचे ५.४ टेराबाइट. तेच २५० मेगाबिटवर केलं तर साडेतेरा टेराबाइट, आणि हे सगळं दुप्पट-तिप्पट प्रतींमध्ये. म्हणून रेकॉर्डिंगचा फॉर्मॅट निवडणं हा केवळ चित्राच्या गुणवत्तेचा प्रश्न नाही. रोज रात्री जे सांभाळता येणार नाही ते रेकॉर्ड करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मुलाखती आणि रिंगण वरच्या दर्जाला, चालती दिंडी १०० वर, अशी वाटणी केली तरी चालते. फक्त ती आधी लिहून ठेवा, रस्त्यात ठरवू नका.

याच गणितातून कार्ड ठरतं. कार्डावरचा व्ही ३० म्हणजे सेकंदाला किमान ३० मेगाबाइट लिहिण्याची हमी, व्ही ६० म्हणजे ६०, व्ही ९० म्हणजे ९०. १०० मेगाबिटला व्ही ३० भरपूर झालं. २५० मेगाबिट म्हणजे ३१.२५ मेगाबाइट, म्हणजे व्ही ३० ची हमी तिथे थोडक्यात कमी पडते. असं कार्ड बहुतेक वेळा चालतंही, आणि म्हणूनच ते धोक्याचं. एखाद्या लांब शॉटच्या मध्यात रेकॉर्डिंग थांबतं आणि कारण लवकर लक्षात येत नाही.

नवीन कार्ड आणलं की कामाला लावण्याआधी एकदा पूर्ण भरून, वाचून पहा. विंडोजवर 'एचटूटेस्टडब्ल्यू' नावाचं मोफत साधन हे काम करतं : कार्डाच्या शेवटच्या जागेपर्यंत लिहितं आणि परत वाचून जुळवतं. बाजारात नकली कार्डं येतात, वरती १२८ जीबी लिहिलेलं आणि आत त्याच्या निम्मीही जागा नसलेली. ती अशी लगेच उघडी पडतात.

किती कार्डं घ्यायची? कमीत कमी दोन दिवसांचं शूट मावेल इतकी. यावर काटकसर करू नका. आजची कार्डं आजच रात्री पुसावी लागत नसतील, तर डिस्कवरच्या प्रतींखेरीज मूळही आणखी एक दिवस जवळ राहतं. एका कॅमेऱ्याला १२८ जीबीची पाच-सहा कार्डं हे ५१२ जीबीच्या एका कार्डापेक्षा चांगलं. एक हरवलं, बिघडलं तर एक ते पावणेतीन तासांचं जातं, दोन दिवसांचं नाही.

दुसरी पायरी : पेटीत काय असावं

रस्त्यावरच्या दोन प्रतींसाठी एसएसडी, म्हणजे आत फिरते भाग नसलेली डिस्क, घ्या. फिरत्या तबकडीची हार्डडिस्क स्वस्त पडते, पण टेम्पोत हादरे बसत असताना ती चालू ठेवणं म्हणजे तिचं आयुष्य पणाला लावणं. चार टेराबाइटचा एसएसडी विंडोजला लावला की जागा ३.६३ दिसते. घाबरू नका, कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने. दहा टक्के मोकळे ठेवले तर आपल्या हिशेबाने तो तेरा दिवस पुरतो. म्हणजे वीस दिवसांना एका संचात दोन, आणि दोन संच मिळून चार. दोन्ही संच एकाच कंपनीचे, एकाच दिवशी, एकाच खोक्यातून घेऊ नका. एका खेपेत दोष असेल तर तो दोन्हीकडे असतो.

कार्ड रीडर हा पेटीतला सगळ्यात दुर्लक्षित तुकडा. यूएचएस-टू या वेगवान प्रकारचं कार्ड सेकंदाला ३१२ मेगाबाइटपर्यंतच्या मार्गासाठी बनलेलं असतं, पण ते जुन्या यूएचएस-वन रीडरमध्ये घातलं की १०४ च्या पुढे जात नाही. महागडं कार्ड आणि दोनशे रुपयांचा रीडर ही जोडी बऱ्याच जणांच्या बॅगेत दिसते. चांगले दोन रीडर घ्या, दोन जादा केबल घ्या. प्रत करताना येणाऱ्या अडचणींत सैल केबल वरच्या नंबरला असते.

बाकी किरकोळ : झिपच्या पिशव्या, सिलिका जेलच्या पुड्या, लाल आणि हिरवी चिकटपट्टी, बारीक टोकाचा पक्का मार्कर, बांधीव वही. लॅपटॉपसाठी पॉवर स्टेशन किंवा गाडीचा इन्व्हर्टर. प्रत चालू असताना लॅपटॉप झोपी जाणार नाही, अशी सेटिंग आधीच करून ठेवा.

डिस्क कोणत्या पद्धतीने फॉर्मॅट करायची, हे संगणकावर अवलंबून. विंडोज आणि मॅक दोन्हीकडे न्यायची असेल तर एक्सफॅट. मॅक विंडोजची एनटीएफएस डिस्क वाचतो, पण त्यावर आपणहून लिहीत नाही. एक्सफॅटला मात्र अर्धवट राहिलेल्या लिखाणाची नोंद ठेवण्याची सोय नसते. प्रत चालू असताना केबल ओढली तर फोल्डरच्या फोल्डर दिसेनासे होऊ शकतात. 'इजेक्ट' न करता केबल काढायची नाही, हा नियम पथकातल्या प्रत्येकाला सांगा.

तिसरी पायरी : कॅमेऱ्यातल्या सेटिंग

दोन्ही कॅमेऱ्यांची तारीख आणि वेळ सेकंदापर्यंत जुळवा. फाइल क्रमांक 'सीरीज'वर ठेवा, 'रीसेट'वर नको. रीसेटवर असेल तर प्रत्येक फॉर्मॅटनंतर क्लिप पुन्हा सी०००१ पासून सुरू होते, आणि वीस दिवसांनी तुमच्याकडे एकाच नावाच्या कितीतरी वेगवेगळ्या क्लिप जमतात. एडिटिंगमध्ये लिंक तुटली की सॉफ्टवेअर नाव बघून चुकीची क्लिप उचलतं. कॅमेऱ्यात नावाचा उपसर्ग देता येत असेल तर एकाला ए, दुसऱ्याला बी द्या.

दोन स्लॉट असतील तर दोन्ही कार्डांवर एकाच वेळी रेकॉर्ड करण्याची सोय वापरा, निदान रिंगण, नीरा स्नान, मुलाखती अशा वेळी तरी. एक कार्ड जागेवर बिघडलं तर दुसरं तारून नेतं. पण याला बॅकअप म्हणू नका. कॅमेरा गर्दीत पडला, चोरीला गेला, तर दोन्ही कार्डं एकत्रच जातात.

कॅमेऱ्यात बसून एकेक क्लिप डिलीट करायची सवय लावून घेऊ नका. गर्दीत, घाईत, उन्हात न दिसणाऱ्या स्क्रीनवर चुकीची क्लिप निवडली जाते. वाईट शॉटही तसाच राहू द्या. आणि कार्ड फॉर्मॅट करायचं ते त्याच कॅमेऱ्यात, लॅपटॉपवर नाही. कॅमेऱ्याला स्वतःची फोल्डररचना आणि नोंदींच्या फाइली लागतात, त्या तोच नीट तयार करतो.

चौथी पायरी : रस्त्यावर कार्ड बदलताना

ठरवलेला एकच संकेत पाळा. आमच्याकडे रिकाम्या, फॉर्मॅट केलेल्या कार्डाच्या डबीला हिरवी पट्टी आणि भरलेल्या कार्डाला लाल. दुसरीकडे उलट असेल, काही बिघडत नाही. पण एका पथकात एकच अर्थ हवा. भरलेलं एसडी कार्ड काढल्याबरोबर त्याच्या बाजूची छोटी खिट्टी 'लॉक'वर सरकवा. मायक्रो एसडीला आणि सीएफएक्स्प्रेस या वेगळ्या प्रकारच्या कार्डाला ही खिट्टी नसते, तिथे पट्टीवरच भरवसा. ड्रोनची कार्डं नखाएवढी असतात, त्यांच्यासाठी वेगळी, रंगीत डबी ठेवा.

प्रत्येक कार्डाला कायमचा क्रमांक द्या : ए०१, ए०२, बी०१. भरलेलं कार्ड काढलं की वहीत एक ओळ लिहा : तारीख, कार्ड, काय आहे, अंदाजे किती क्लिप. "ए०३, दिवे घाट, चढण, ४० क्लिप" एवढं पुरे. संध्याकाळी डेटावर बसणाऱ्याला ही ओळ सोन्याची असते. आठवण म्हणून नाही, तर मोजणी जुळवायला.

भरलेली कार्डं खिशात ठेवायची नाहीत. वारीत पावसाने खिसे भिजतात, आणि वाकून नमस्कार करताना वरच्या खिशातली डबी पडते. कमरेला किंवा छातीशी आडवी बांधलेली, चेन असलेली पिशवी वापरा, ती दिवसभर अंगावरून काढायची नाही. पावसात कार्ड बदलायचं असेल तर आधी कॅमेऱ्यावरचं पाणी पुसा, छत्रीखाली या, मगच झाकण उघडा.

पाचवी पायरी : मुक्कामावर प्रत करणं

इथेच बहुतेक गोष्टी बनतात किंवा बिघडतात, म्हणून इथे सावकाश जा.

आधी जेवा. खरंच सांगतो. दिवसभर चाललेल्या, भुकेल्या माणसाने कार्ड हाताळू नये. मग कोरड्या, सपाट जागी बसा, शाळेचा वर्ग किंवा कोणाचा तरी ओटा. चालत्या गाडीत प्रत करायची नाही. एका बाजूला लाल पट्टीची कार्डं, दुसऱ्या बाजूला मोकळी जागा. झालेलं कार्ड त्या मोकळ्या जागेतच जाईल, मधे कुठे नाही.

डिस्कवर फोल्डरचं नाव आधी तयार करा. तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहिली की यादी आपोआप लागते : २०२६०७१५, मग कॅमेरा, मग कार्ड. प्रत्यक्ष डिस्कवर ही नावं रोमन अक्षरांत आणि अंकांत लिहा, मधे जागा न सोडता अधोरेषा वापरा. देवनागरी नावं लॅपटॉपवर छान दिसतात, पण पुढे एखादं जुनं एडिटिंग किंवा ग्रेडिंगचं (रंग सुधारण्याचं) सॉफ्टवेअर त्यावर अडतं, आणि तेव्हा हजारो फाइलींची नावं बदलत बसावं लागतं.

कार्डातलं सगळं जसंच्या तसं उचला. 'प्रायव्हेट' फोल्डर, 'डीसीआयएम' फोल्डर, आतल्या लहान लहान एक्सएमएल फाइली, सगळं. नवखा माणूस आत शिरून फक्त मोठ्या व्हिडिओ फाइली उचलतो, कारण बाकीचं फालतू वाटतं. त्या छोट्या फाइलींमध्ये टाइमकोड (प्रत्येक फ्रेमची वेळ), लेन्स, सेटिंग यांच्या नोंदी असतात. काही कॅमेरे लांब शॉटचे तुकडे करतात, आणि तुकडे कसे जोडायचे हे त्या फोल्डररचनेवरूनच कळतं. क्लिपची नावंही कॅमेऱ्याने दिलेली तशीच ठेवा. नाव द्यायचं ते फोल्डरला.

आता मुख्य गोष्ट. नेहमीचं कॉपी-पेस्ट वापरू नका. त्यात संगणक "झालं" म्हणतो, याचा अर्थ फाइली पाठवल्या. त्या तिकडे शब्दशः तशाच उतरल्या की नाही हे तो परत वाचून बघत नाही. फाइलचा आकार जुळला म्हणजे आतला मजकूर जुळला, असंही नाही. त्यासाठी चेकसम लागतो. सॉफ्टवेअर फाइलचा प्रत्येक बाइट वाचून त्यावरून एक लांब आकडा काढतं. मग डिस्कवर उतरलेली फाइल वाचून तिचाही आकडा काढतं. एकही बिट बदलला असेल तर आकडे जुळत नाहीत. एमडी५ आणि एक्सएक्सहॅश या त्यातल्या रूढ पद्धती, दुसरी खूपच वेगवान. शेवटी या आकड्यांची यादी एका फाइलमध्ये लिहून फुटेजबरोबर ठेवली जाते. टपालाच्या पोचपावतीसारखी ती जपायची, कारण पाच वर्षांनी डिस्क उघडाल तेव्हा फाइली शाबूत आहेत का, हे तिच्यावरूनच ठरवता येतं.

यासाठी ऑफशूट, शॉटपुट प्रो, सिल्व्हरस्टॅक ही सेटवर चालणारी सॉफ्टवेअर आहेत. पैसे नसतील तर अडत नाही. दाविंची रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीत मीडिया पानावर 'क्लोन टूल' आहे, ते चेकसमसकट प्रत करतं आणि एकाच वेळी दोन डिस्कांवरही करतं. विंडोजवर टेराकॉपीत पडताळणीचा पर्याय सुरू केला तरी चालेल.

दोन्ही प्रती कार्डावरूनच करा. कार्डावरून पहिल्या डिस्कवर आणि पहिल्या डिस्कवरून दुसरीवर, असं केलं आणि पहिल्या उतारात काही बिघडलं असेल, तर तो बिघाड दुसरीकडे इमानेइतबारे पोचतो.

वेळेचा अंदाज : २७० जीबी साध्या पोर्टेबल हार्डडिस्कवर सेकंदाला १०० मेगाबाइटने जायला पाऊण तास, आणि पडताळणीत सगळं पुन्हा वाचायचं असल्याने दीड तास. चांगला रीडर आणि एसएसडी असेल तर अर्ध्या-पाऊण तासात दोन्ही प्रती होतात. रात्री अकराला लाइट जाणाऱ्या गावात हा फरक केवढा, ते सांगायला नको.

सहावी पायरी : डोळ्यांनी पाहणं, मग फॉर्मॅट

चेकसम एवढंच सांगतो की कार्डावर जे होतं ते डिस्कवर आलं. कार्डावरच क्लिप खराब असेल तर तीही तंतोतंत खराब उतरते. म्हणून प्रत्येक कार्डाची पहिली, मधली आणि शेवटची क्लिप डिस्कवरून चालवून पहा. शेवटची नक्कीच, कारण कार्ड भरलं, बॅटरी संपली, घाईत झाकण उघडलं, याचा परिणाम तिच्यावर दिसतो. कानाला हेडफोन लावा. आवाज नसलेली मुलाखत आज कळली तर उद्या त्या माउलींना पुन्हा गाठता येईल. त्या तुमच्यासारख्याच त्याच वाटेने चालत आहेत. पंढरपूरहून परतल्यावर कळलं तर त्या कुठल्या गावच्या, हे शोधण्यापासून सुरुवात. क्लिपची संख्या वहीतल्या नोंदीशी जुळवा. चाळीस लिहिलेत आणि बत्तीस दिसतात, तर आठ कुठे आहेत ते आत्ता, कार्ड समोर असताना शोधा.

मग वहीत त्या कार्डापुढे खुणा : डिस्क एक, डिस्क दोन, पडताळणी, पाहणी, आणि सही. या चारही खुणा झाल्याशिवाय लाल पट्टी निघत नाही.

लगेच दोन्ही डिस्का वेगळ्या करा. एक डेटावाल्याच्या बॅगेत, दुसरी दिग्दर्शकाच्या. दोन्ही बॅगा एकाच गाडीच्या डिकीत ठेवल्या तर त्या दोन प्रती नव्हेत, एकच आहे.

फॉर्मॅट रात्री करू नका. सकाळी, शूटला निघताना, प्रकाशात. आणि पथकात हा हक्क एकाच माणसाला द्या. कॅमेऱ्यावरचा माणूस कार्ड हातात घेऊन मोठ्याने क्रमांक वाचतो, "ए०३", डेटावाला वहीत बघून म्हणतो, "ए०३, सही आहे, कर." तेव्हाच बटण. सहाय्यकाला हे पहिल्या दिवशी जरा नाटकी वाटेल. तुम्ही ज्येष्ठ असाल तर त्याच्यासमोर स्वतः करून दाखवा, आणि त्याने कधी "दादा, थांबा, सही दिसत नाही" म्हटलं तर कितीही घाई असली तरी त्याच्यावर डाफरू नका. तो नेमकं तेच करतोय ज्यासाठी त्याला ठेवलं आहे.

सातवी पायरी : तिसरी प्रत दूर पाठवणं

तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी : हा ३-२-१ नियम अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केला. पहिले दोन आकडे सगळे पाळतात. शेवटचा एक बहुतेकांच्या यादीत "नंतर करू" म्हणून राहतो.

तो का हवा, हे आपल्या भागातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि जुलै २०२१ मध्ये चिपळुणात तळमजल्यावरची दुकानं पाण्याखाली गेली. कपाटात नीट लावून ठेवलेल्या पाच हार्डडिस्का एकाच पुरात जातात. त्याआधी, जानेवारी २००३ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या ताब्यातली जुनी नायट्रेट रिळं आगीत जळाली. ज्याची प्रत दुसरीकडे होती ते वाचलं, बाकीचं नाही.

क्लाउडचं गणितही करून बघा. घरी अपलोडचा वेग ५० मेगाबिट असेल तर २७० जीबी चढायला बारा तास. वारीच्या मुक्कामावर तर विसराच. त्यामुळे रस्त्यावरून प्रत माणसाच्या हाती पाठवायची. दोन टेराबाइटच्या दोन स्वस्त डिस्का फक्त या फेरीसाठी ठेवा. सहा दिवसांचं फुटेज एकीत मावतं. लोणंद, फलटण, नातेपुते अशा ठिकाणांहून पुण्याकडे जाणारं ओळखीचं कोणी ना कोणी भेटतंच. डिस्क पुण्याला पोचली की तिथल्या माणसाने ती मोठ्या डिस्कवर चेकसमसकट उतरवायची, "पोचली" नाही तर "उतरली, तपासली" असा निरोप द्यायचा, आणि रिकामी डिस्क परत पाठवायची. डिस्कला पासवर्ड लावा. लोकांनी तुमच्यावर विश्वास टाकून बोललेलं तिच्यात असतं.

घरी आल्यावर हलक्या प्रॉक्सी, म्हणजे क्लिपच्या कमी दर्जाच्या लहान प्रती, मात्र क्लाउडवर जरूर चढवा. १० मेगाबिटच्या प्रॉक्सी तासाला साडेचार जीबी होतात, म्हणजे दिवसाच्या सहा तासांना २७ जीबी. एडिटर दुसऱ्या गावात असेल तर काम तेवढ्यात सुरू होतं. फक्त एक लक्षात असू द्या : फोल्डर आपोआप जुळवून ठेवणारी क्लाउड सेवा म्हणजे बॅकअप नव्हे. इकडे चुकून पुसलं की ती तिकडेही पुसते.

कार्ड उघडत नसेल तर

विंडोज विचारतं, "ही डिस्क फॉर्मॅट करायची का?" उत्तर नाही. खिडकी बंद करा. कार्ड लॉक करा, त्यावर पट्टी चिकटवून "हात लावू नये" लिहा आणि त्यावर पुढे एकही शॉट घेऊ नका. पुसलेली किंवा न दिसणारी क्लिप बहुतेक वेळा आत असते. तिच्यावर नवं काही लिहिलं गेलं की जाते.

मग दुसरा रीडर, दुसरी केबल, दुसरा लॅपटॉप, या क्रमाने पहा. बरेचदा दोष तिथेच निघतो. तरी उघडलं नाही तर कार्डाची पूर्ण प्रतिमा आधी डिस्कवर उतरवा. अडखळणाऱ्या कार्डासाठी 'डीडीरेस्क्यू' हे साधन आहे. शोधाशोध त्या प्रतिमेवर करा, कार्डावर नाही. 'फोटोरेक' मोफत आहे आणि पुसलेल्या फाइली चांगल्या शोधतं. बॅटरी अचानक गेल्यामुळे अर्धवट राहिलेली एमपी४ फाइल चालत नसेल, तर 'अनट्रंक' त्याच कॅमेऱ्याची, त्याच सेटिंगची एक चांगली क्लिप नमुना म्हणून घेऊन ती जोडू शकतं. कार्ड संगणकाला दिसतच नसेल तर घरगुती उपाय थांबवा आणि डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेत द्या. आणि दिग्दर्शकाला, पार्टीला (काम देणाऱ्या गिऱ्हाइकाला) त्याच दिवशी सांगा. चौथ्या दिवशी कळलेली गोष्ट माणसं माफ करत नाहीत.

परतल्यावर

एडिटिंगसाठी रेडवाली, म्हणजे अनेक डिस्का एकत्र जोडून चालवणारी, पेटी असेल तर उत्तम, पण रेडही बॅकअप नाही. एक डिस्क मेली तर काम चालू राहतं, एवढीच तिची हमी. चुकून पुसलेलं फोल्डर ती सगळ्या डिस्कांवरून एकदम पुसते.

कायमच्या साठ्यासाठी एसएसडीवर विसंबू नका. वर्षानुवर्षं वीज न मिळालेला एसएसडी माहिती धरून ठेवेलच, याचा भरवसा नसतो. इथे साध्या मोठ्या हार्डडिस्का बऱ्या, दोन वेगळ्या घरांत. कोकणात राहत असाल तर हवाबंद डब्यात, सिलिका जेलसह. काम मोठं असेल, वर्षाला पन्नास-शंभर टेराबाइट जमत असतील, तर एलटीओ टेपचा, म्हणजे माहिती साठवायच्या चुंबकीय फितीचा, विचार करा. एलटीओ-८ च्या एका टेपवर १२ टेराबाइट, एलटीओ-९ वर १८. टेप स्वस्त, ड्राइव्ह महाग, म्हणून दोन-तीन स्टुडिओंनी मिळून एक घेणं परवडतं. फक्त एलटीओ-९ चा ड्राइव्ह मागच्या एकाच पिढीची टेप वाचतो, हे ध्यानात ठेवून पुढची खरेदी करा.

पार्टीशी व्यवहार करताना मूळ फुटेज किती महिने ठेवाल, ते पावतीवरच लिहा, आणि मुदत संपण्याआधी एक फोन करा. स्वतःची डिस्क घेऊन या, असं सांगितलं की लोक आनंदाने आणतात.

आणि वर्षातून एकदा, चातुर्मास संपल्यावर म्हणा किंवा दिवाळीच्या साफसफाईत, सगळ्या डिस्का बाहेर काढा. प्रत्येक डिस्कवरची चेकसमची यादी पुन्हा चालवा. एक फोल्डर निवडून ते नव्या लॅपटॉपवर उतरवा, एडिटिंगमध्ये उघडा, आवाज ऐका. डिस्क पाच वर्षांची झाली असेल तर अजून चालते म्हणून थांबू नका, नवी आणून सगळं तिच्यावर हलवा, जुनीवर तारीख लिहून तिसरी प्रत म्हणून ठेवा.